गुहा, लेणे की शैलाश्रय? प्रागैतिहासिक कलेचे शब्द मुलांना मराठीत कसे सांगायचे

चित्रवही

नमस्कार मंडळी. मी चित्रकला शिकवते. निवृत्तीनंतर घरीच सहा मुलं येतात, सगळी मराठी माध्यमातली, सगळ्यांना पुढे कलामहाविद्यालयात जायचंय. कलेच्या इतिहासाच्या पहिल्याच धड्यावर आमची गाडी अडली आहे. हाताशी असलेली शब्दांची यादी इंग्रजी. मुलं ती घडाघडा पाठ म्हणतात. मागच्या आठवड्यात एकीने इंग्लंडातल्या स्टोनहेंजच्या, म्हणजे उभ्या शिळांच्या वर्तुळाच्या, चित्राखाली 'पोस्ट अँड लिंटल' असं बिनचूक लिहिलं. "म्हणजे काय गं?" विचारलं तर गप्प. तिच्या आजोळच्या वाड्याला सागवानी चौकट आहे, वर गणेशपट्टी आहे. दोन उभे, एक आडवा. लहानपणापासून ती त्याच्याखालून ये-जा करते आहे, आणि तरी तो शब्द तिला परका वाटला. तेव्हापासून मला चैन नाही.

सुरुवात मी माझ्यापरीने केली. गुहा निसर्गाने केलेली. लेणं माणसाने खोदलेलं, म्हणून अजिंठा हे लेणं. आणि कड्याच्या पोटात, पुढे आलेल्या खडकाखाली जो उघडा आडोसा मिळतो तो शैलाश्रय, म्हणून मध्य प्रदेशातलं भीमबेटका हे शैलाश्रय. फ्रान्समधली लास्को मात्र खरी गुहा, आत अंधार, दिवा नेल्याशिवाय काहीच दिसायचं नाही. एवढं सांगितल्यावर मुलांनी आपणहून विचारलं की मग लास्कोत त्या लोकांनी उजेड कसा केला? चरबीचे दगडी दिवे होते. त्यातला तांबड्या वालुकाश्माचा, दांडीसह घडवलेला एक दिवा तिथेच सापडला आहे. शब्द नीट कळला की प्रश्न आपोआप सुटतो आणि नवा पडतो, हे त्या दिवशी पुन्हा दिसलं.

पुढचे शब्द तुमच्या मदतीने लावायचे आहेत. ज्याला जे माहीत आहे ते लिहा.

सड्यावरची

ताई, छान धागा. मी राजापूरकडची. आमच्याकडे जांभ्याच्या उघड्या पठाराला सडा म्हणतात आणि त्यावरच्या आकृत्यांना कातळशिल्पं. पूर्वी कातळ-खोद-चित्रं असंही म्हणत. मला दुसरं नाव जास्त प्रामाणिक वाटतं, कारण ते काय केलंय ते सांगतं: कातळ खोदून चित्र काढलंय.

मुलांना पहिला फरक हाच सांगा, रंग लावला की दगड काढला. भीमबेटक्याला रंग दगडावर चढवलाय, ते शैलचित्र. आमच्याकडे दगड काढून टाकलाय, ते खोदचित्र. इंग्रजी यादीत याला दोन वेगळे शब्द असतात आणि मुलं नेमकी तिथेच उलटापालट करतात.

अजून एक. भिंतीवरचं खोदचित्र आणि जमिनीवरचं खोदचित्र यांतही अंतर आहे. कशेळीचा हत्ती जवळपास १८ मीटर लांब. त्याच्या पोटात सत्तरच्या आसपास लहान आकृत्या, प्राणी, पक्षी, मासे. उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही, चालत चालत वाचावा लागतो. याला भूचित्र म्हणावं असं मला वाटतं. पेरूमधल्या नाझकाच्या रेषांशी तुलना करतात, पण तिथे वरचे काळपट गोटे बाजूला सारून खालची फिकट जमीन उघडी केली आहे. इथे कातळात घाव आहेत. घरातली जुनी माणसं ही चित्रं पांडवांनी एका रात्रीत केली म्हणायची. २०२२ साली कोकणातल्या नऊ ठिकाणांचा प्रस्ताव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेला, त्यातलं एक ठिकाण गोव्यातलं, कुशावती नदीकाठचं पणसाईमळ.

पाथरवटाचं घर

सड्यावरच्या ताईंना पूर्ण अनुमोदन. आमच्या घरात तीन पिढ्या दगडाचं काम होतं, त्यामुळे क्रियापदांवर माझा फार जीव आहे. सगळ्याला 'कोरीव काम' म्हटलं की मला बोचतं. टोकदार दगडाने ठोकून ठोकून खळगे पाडत रेघ करणं वेगळं. धारदार गारगोटीने एकाच रेघेवर पुन्हा पुन्हा ओरखडा काढणं वेगळं. घासून गुळगुळीत करणं वेगळं. आणि आकृतीच्या भोवतीचा दगड खाली नेऊन आकृती उंच ठेवणं, म्हणजे उठाव किंवा उत्थित शिल्प, हे तर सगळ्यात वेगळं आणि जास्त कष्टाचं, कारण त्यात जे हवं ते सोडून बाकीचं सगळं काढायचं असतं.

उठावाचं जुन्यातलं जुनं मोठं उदाहरण द्यायचं तर तुर्कस्तानातलं गोबेक्ली टेपे. इ.स.पू. ९५०० च्या सुमाराचे टी-आकाराचे खांब, मोठे तर साडेपाच मीटर उंचीचे. काहींच्या अंगावर कोल्हे, गिधाडं, विंचू उठावात. काही खांबांना बाजूने हात काढले आहेत, कमरेला पट्टा आहे, म्हणजे खांब हाच माणूस. तेव्हा धातूची छिन्नी जगात कुठेच नव्हती. दगडाने दगड घडवलाय. मी ते फोटो माझ्या वडिलांना दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "कोपरे बघ कसे धरलेत."

कोकणच्या जांभ्याबद्दल मुलांना एक नक्की सांगा. खाणीतून नुकता काढलेला जांभा मऊ असतो, वारा-ऊन लागलं की टणक होत जातो. चिरेखाणवाल्याला हे रोजचं माहीत आहे.

वऱ्हाडी वाट

धाग्यात थोडं पूर्वेकडेही पाहू. नागपूरजवळ जुनापाणीला शेकडो शिलावर्तुळं आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार लावलेले, आत दगडगोट्यांचा ढीग, खाली पुरलेली माणसं. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८६७ मध्ये इथे खोदलं होतं. काही धोंड्यांवर वाटीएवढे खळगे ओळीने पाडलेले आहेत, हे त्यानेच टिपलं. इंग्रजी यादीत 'कप्यूल' असतो तो हाच. आपल्याकडे 'वाटी-खळगा' म्हटलं तर पोरांना लगेच दिसतं.

पण मला ज्यासाठी लिहायचं होतं ते वेगळंच. 'महापाषाण' म्हणजे मेगालिथ हा शब्द शिकवताना मुलं समजतात की हा एक काळ आहे. तो काळ नाही, ती बांधायची रीत आहे. मोठे दगड, न चिणता उभे केलेले किंवा रचलेले. ब्रिटनीतल्या कारनाकच्या तीन हजारांहून जास्त शिळा नवाश्मयुगातल्या. आमच्या विदर्भातली वर्तुळं मात्र लोहयुगातली, ढोबळमानाने इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. माहुरझरीला दफनांत घोडे आणि त्यांना घालायचे तांब्याचे दागिने मिळाले, नैकुंडला लोखंड गाळायची भट्टीच मिळाली. म्हणजे एकीकडे दगड उचलणाऱ्याच्या हातात लोखंड नव्हतं, दुसरीकडे होतं. दोघांना एकाच खणात टाकलं की इतिहास चुकतो.

तसंच 'नवाश्मयुग' म्हणजे अमुक साल, असं पाठ करून घेऊ नका. शेती, जनावरं पाळणं, घासलेली दगडी हत्यारं, हे जिथे जेव्हा आलं तिथे तेव्हा नवाश्मयुग. तुर्कस्तानात ते आधी, इंग्लंडात काही हजार वर्षांनी.

चित्रवही

वऱ्हाडी वाट, हे वाचून मी माझ्या फळ्यावरचा तक्ता पुसला. खरंच पुसला. मी एका सरळ रेषेवर सगळं जग बसवलं होतं. आता चार रेषा काढणार आहे, युरोपची, पश्चिम आशियाची, मध्य भारताची आणि आपल्या महाराष्ट्राची, एकाखाली एक.

उभ्या एकट्या शिळेला, मेनहिरला, काय म्हणू? एका मुलाने वीरगळ म्हटलं.

वऱ्हाडी वाट

वीरगळ नको. वीरगळावर प्रसंग कोरलेले असतात, खाली लढाई, वर स्वर्ग, आणि तो मध्ययुगातला. मेनहिर हा कसलंही चित्र नसलेला, रोवलेला लांबट दगड. 'उभी शिळा' पुरे. डॉल्मेन म्हणजे बाजूंना उभ्या शिळा आणि वर एक छपराची शिळा, दगडी खोलीसारखं. कर्नाटकात हिरेबेणकलला जाऊन पाहता येतात, कितीतरी अजून उभे आहेत. मी तरी 'डॉल्मेन' तसाच ठेवेन आणि पुढे वर्णन देईन. प्रत्येक शब्दाचं संस्कृत करून काही मिळत नाही.

लिमलेटची गोळी

मी शिकतेय अजून, चूक असेल तर सांगा. वारली चित्रकला भीमबेटक्यावरूनच आली ना? दोन्हीकडे त्रिकोणी माणसं, दोन्हीकडे रांगेत नाच. आमच्या पुस्तिकेत तसंच लिहिलंय.

वऱ्हाडी वाट

गोळीताई, प्रश्न चांगला आहे. आकृतींत साम्य आहे हे खरं. पण साम्य म्हणजे वंशावळ नव्हे. मधल्या हजारो वर्षांचा दुवा कुणी दाखवलेला नाही, शिवाय वारली चौक लग्नघरात सुवासिनी तांदळाच्या पिठाने लिहितात, त्याला त्याची स्वतःची रीत आणि देव आहेत. त्या बायकांची कला तिच्या नावानेच ओळखली जाऊ द्या. उत्तरपत्रिकेत 'साम्य दिसते' एवढंच लिहा.

भीमबेटक्याचं मराठी नातं सांगायचंच तर वेगळं आहे. १९५७ मध्ये हे शैलाश्रय अभ्यासकांच्या नजरेस आणले ते उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी. भोपाळकडे जाताना गाडीतून त्यांना तो डोंगर दिसला, स्पेन-फ्रान्समध्ये पाहिलेल्या खडकांसारखा वाटला, आणि ते शोधत तिथे पोहोचले. २००३ मध्ये तो जागतिक वारसा झाला. चित्रकार माणूस होता, म्हणून खडकाचा आकारच आधी दिसला असावा असं मला कायम वाटतं.

गिरणाकाठ

ठिकाणावरून न हलणारी कला आणि बरोबर नेता येणारी कला, हे इंग्रजी यादीतलं पहिल्या पानावरचं वर्गीकरण. माझ्या वकील काकांना मी ते समजावत होतो तर ते म्हणाले, मग स्थावर आणि जंगम म्हण की. सातबाऱ्याच्या गावात हे कुणालाही कळतं! तेव्हापासून मी तेच वापरतो. स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेतले गवे स्थावर. जर्मनीतल्या होलेनश्टाईन-श्टाडेलचा सिंहमानव जंगम: मॅमथच्या सुळ्यातला, ३१ सेंटिमीटरचा, चाळीस हजार वर्षांपूर्वीचा, धड माणसाचं आणि डोकं सिंहाचं. नामिबियातल्या अपोलो ११ गुहेतल्या रंगवलेल्या, हातात मावणाऱ्या दगडी पाट्या, त्याही जंगम.

आणि आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा सापडला, त्यावर समांतर रेघा आणि मधे एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या रेघांची जाळी कोरलेली. सुमारे पंचवीस हजार वर्षं जुना. खानदेशात तेव्हा शहामृग होते! पुराश्मयुगीन, म्हणजे जुन्या दगडी युगातली, कला म्हणजे फ्रान्स असं मुलांच्या डोक्यात बसतं. त्याआधी हा तुकडा दाखवा.

दूरदेशी

मी डब्लिनला राहते, इथून तासाभरावर न्यूग्रेंज आहे. इ.स.पू. ३२०० च्या सुमारचं, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षा जुनं. बाहेरून मातीची गोल टेकडी, पायथ्याशी ९७ शिळांचं कडं, आत १९ मीटरची चिंचोळी वाट आणि शेवटी दालन. या प्रकाराला 'वाटेचं थडगं' म्हणता येईल, पॅसेज टूम्बला.

दालनाचं छत पाहून मला सिन्नरचा गोंदेश्वर आठवला, अगदी खरं सांगते. कारण रीत तीच. दगडाचा एक थर, त्यावरचा थर जरासा आत पुढे आलेला, त्यावरचा आणखी पुढे, असं करत करत वर एकाच शिळेने तोंड बंद. चुना नाही, कमान नाही. पाच हजार वर्षं झाली, पाणी आत येत नाही. इंग्रजीत कॉर्बेलिंग. कमानीत पाचरीसारखे दगड एकमेकांना दाबून धरतात, इथे मागच्या वजनाने पुढचा दगड तोललेला असतो. मुलांना पुस्तकं रचून करायला लावा, टेबलाच्या कडेपासून एकेक पुस्तक पुढे सरकवत. दोन मिनिटांत कळतं.

हिवाळ्यातल्या सर्वात लहान दिवशी उगवत्या सूर्याची तिरीप दारावरच्या झरोक्यातून आत शिरून दालनापर्यंत पोहोचते, साधारण १७ मिनिटं. १९६७ मध्ये उत्खनन करणाऱ्या ओ'केलींनी ते आत बसून पाहिलं. त्या दिवशी आत जायला सोडत काढतात, माझा नंबर अजून लागलेला नाही. एरवी दिवे मालवून विजेच्या उजेडाने ती तिरीप दाखवतात. तेवढ्यानेही माझ्या अंगावर काटा आला होता. शेजारी एक आजोबा हात जोडून उभे होते.

पाथरवटाचं घर

दूरदेशी, फार सुंदर लिहिलंत.

खांब-तुळईचा, म्हणजे ताईंच्या त्या 'पोस्ट अँड लिंटल'चा, विषय निघालाच आहे तर स्टोनहेंजचं एक राहिलं. तिथे आडव्या शिळा नुसत्या ठेवलेल्या नाहीत. उभ्या शिळेच्या माथ्यावर दगडाचाच उंचवटा सोडलाय, आडव्या शिळेच्या पोटात त्या मापाचा खळगा, आणि शेजारशेजारच्या आडव्या शिळा जीभ-खाचेने अडकवल्यात. ही सुताराची रीत आहे, दगडात आणलेली. म्हणजे आधी असलं लाकडात करणारे हात तिथे होते. दोन उभ्या, एक आडवी अशा सुट्या चौकटीला ट्रायलिथॉन म्हणतात, 'त्रिशिळा' म्हटलं तर चालेल का?

लहान निळसर शिळा वेल्समधून, दोनशे किलोमीटरच्या पलीकडून. मधली वेदीशिळा तर थेट ईशान्य स्कॉटलंडची, हे २०२४ मध्ये दगडाच्या घटकांवरून दाखवून दिलं.

चित्रवही

त्रिशिळा घेतला!

आता मला सगळ्यात अडचणीचा वाटणारा शब्द. 'व्हीनस'. ऑस्ट्रियात विलेनडॉर्फला १९०८ मध्ये मिळालेली ११ सेंटिमीटरची चुनखडीची बाई, अंगावर गेरूच्या खुणा. तिला व्हीनस म्हणायचं? रोमन देवी तिच्यानंतर वीस-पंचवीस हजार वर्षांनी जन्माला आली. एका विद्यार्थिनीने विचारलं, "बाई, हिला चेहरा नाही, पाय निमुळते, उभीसुद्धा राहत नाही, मग ही देवी हे कुणी ठरवलं?" मला उत्तर देता आलं नाही.

सड्यावरची

तिचा प्रश्नच उत्तर आहे. 'विलेनडॉर्फची स्त्रीमूर्ती' म्हणा. हल्ली बाहेरही बरेच जण तसंच म्हणतात. परीक्षेत व्हीनस ओळखता आलं पाहिजे, पण वहीत आपलं नाव असावं.

आमच्या सड्यावर रोज हेच होतं. बारसूला मधे माणूस आणि दोन्हीकडे दोन वाघ आहेत. कुणी येतं आणि लगेच अमुक देव, तमुक दैत्य म्हणतं. मी पाहुण्यांना आधी सांगते, नाव ठेवू नका, मोजा. पाय कुठे वळलेत, रेघ किती खोल, शेजारी काय आहे. नाव मग ठेवा.

घोडनदी

इनामगावचं उदाहरण इथे हवंच. पुणे जिल्ह्यातलं ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरायच्या काळातलं, गाव, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची डबी, तिच्यात डोकं नसलेली कच्च्या मातीची स्त्रीमूर्ती, डबीवर दुसरी मूर्ती आणि एक बैल. मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक आहे, काडीने मूर्ती बैलावर बसवता येते. इथे 'देवी' म्हणायला आधार आहे, कारण ती मुद्दाम डबीत ठेवून पुरलेली आहे, जोडीला बैल आहे, मांडणी आहे. विलेनडॉर्फच्या मूर्तीभोवती असली मांडणी नाही. म्हणजे 'देवी' हा शब्द कधीच नको असं नाही, तो मूर्तीच्या रूपावरून न देता ती कशी, कुठे, कशासोबत मिळाली यावरून द्यावा. या 'कुठे-कशासोबत'ला आम्ही संदर्भ म्हणतो. मुलांच्या यादीत हा शब्द सगळ्यात वर लिहा.

सड्यावरची

घोडनदी, पटलं. मी जरा जास्तच सरसकट बोलले होते. आणि आमचं दुखणं हेच आहे, उघड्या सड्यावर थरच नाहीत, त्यामुळे संदर्भ फार थोडा उरतो.

माळवद

मराठवाड्यातून हजेरी. तुर्कस्तानातल्या चाताल ह्यूयूकबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. कच्च्या विटांची घरं, भिंतीला भिंत लागून, मधे गल्ली नाही, दार नाही. छतावरून चालायचं आणि शिडीने घरात उतरायचं. पुस्तकात हे वाचून मुलांना अजब वाटतं, पण आमच्या आजीच्या गावी माळवदावरून चार घरं ओलांडून जाता यायचं, वाळवणं तिथेच, झोपणं तिथेच. भिंती पुन्हा पुन्हा सारवलेल्या, एकावर एक पुष्कळ थर, आणि मेलेली माणसं घरातल्याच जमिनीखाली. इनामगावलाही घरातल्या जमिनीखाली लहान मुलांना दोन रांजण तोंडाला तोंड लावून पुरलेलं आहे ना?

घोडनदी

हो. तेच.

चित्रवही

त्या दोन रांजणांचं मी मुलांना सांगितलं तेव्हा वर्ग एकदम शांत झाला होता.

आज एक धडा पूर्ण केला. हाताच्या ठशांचा. आपल्याकडे नवी नवरी कुंकवाचे हात भिंतीवर उठवते, तो ठसा: रंग हाताला, हात भिंतीला. गुहांमधले बरेच हात याच्या उलट आहेत, हात भिंतीवर ठेवून वरून रंग तोंडाने फुंकरलेला, हात उचलला की कोरी जागा राहते. आम्ही त्याला 'फुंकरलेला हात' नाव दिलं. गेरू पाण्यात कालवून, नळीने फुंकून सहाही मुलांनी कागदावर केला. रंग मनगटाच्या कडेला दाट बसतो आणि बोटांच्या मधे विरळ, हे कुणालाही सांगावं लागलं नाही. लास्कोच्या बैलांचाही प्रयत्न केला, अंग बाजूने आणि शिंगं समोरून. पुस्तकात 'ट्विस्टेड पर्स्पेक्टिव्ह' म्हणतात. मुलं म्हणाली 'फिरवलेली नजर'. मला ते फार आवडलं.

दिवाळीनंतर त्यांना घेऊन सड्यावर यायचं ठरवतेय. कधी आलेलं बरं?

सड्यावरची

या ताई, नक्की या. पावसाळाभर गवत आणि पाणी असतं, दिवाळीनंतर कातळ मोकळा होतो. भर दुपारी येऊ नका, डोक्यावरच्या उन्हात रेघा बुजतात आणि पोरं म्हणतील इथे काहीच नाही. सकाळी कोवळ्या उन्हात नाहीतर उन्हं कलल्यावर, तिरपा उजेड खाचेत सावली धरतो आणि आकृती वर येते. पायताण काढून आत पाऊल टाका. फोटोसाठी रेघांत खडू किंवा चुना भरू नका, मागे कुणीतरी भरलेला अजून गेलेला नाही. वही, पेन्सिल आणि लांब मोजपट्टी आणा. पाणी जास्त घ्या, सड्यावर सावली नाही.